फॉरेन फंक्शन इंटरफेस

फॉरेन फंक्शन इंटरफेस, संक्षेपाने एफएफआय, ही एका प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीतून दुसऱ्या भाषेत लिहिलेले फंक्शन थेट कॉल करण्याची व्यवस्था होय. ज्या भाषेतून कॉल केला जातो तिच्या दृष्टीने दुसऱ्या भाषेतील फंक्शन परके, म्हणजे 'फॉरेन', ठरते. त्यावरून हे नाव पडले. पायथनमधील सीटाइप्स, जावामधील जेएनआय, डॉटनेटमधील पी-इन्व्होक, गो भाषेतील सीगो आणि रस्टमधील 'एक्स्टर्न' घोषणा ही या व्यवस्थेची परिचित रूपे आहेत. दोन्ही भाषांतील कोड एकाच प्रोसेसमध्ये आणि एकाच स्मृतीत चालतो, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य आहे. त्यामुळे माहितीची देवाणघेवाण वेगाने होते. आणि त्याच कारणाने एका बाजूची चूक संपूर्ण प्रोसेस कोलमडवू शकते.

गरज

कोणतीही नवी भाषा जन्माला येते तेव्हा तिच्याजवळ स्वतःचे असे फारसे काही नसते. संचिका उघडणे, जाळ्यावरून माहिती पाठवणे, पडद्यावर चित्र काढणे या सेवा कार्यप्रणाली पुरवते आणि त्या बहुधा सी भाषेच्या रूपात उपलब्ध असतात. याशिवाय अनेक दशकांच्या श्रमांतून तयार झालेल्या लायब्ऱ्या असतात, ज्या पुन्हा लिहिणे खर्चिक तर असतेच, पण धोक्याचेही असते. रेषीय बीजगणितातील गणने करणारी लॅपॅक ही लायब्ररी १९९२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. ती फोर्ट्रान भाषेत लिहिलेली आहे आणि तिच्या मुळाशी असलेली बीएलएएस ही फंक्शनांची मांडणी १९७९ मधील आहे. आजचा विद्यार्थी पायथनमधील नमपाय वापरून एकसामयिक समीकरणे सोडवतो तेव्हा प्रत्यक्ष आकडेमोड लॅपॅकची फंक्शने करतात. पायथनची एक ओळ लिहिणाऱ्याला फोर्ट्रानचे अस्तित्वही जाणवत नाही, ते मधल्या जोडणीमुळे.

कॉल कसा घडतो

कंपायलरने तयार केलेल्या यंत्रभाषेत फंक्शन, आर्ग्युमेंट, प्रकार या संकल्पना उरत नाहीत. तेथे फक्त प्रक्रियकातील रजिस्टरे, स्टॅक नावाचा स्मृतीचा भाग आणि एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर घेतलेली उडी असते. कॉल करणाऱ्याने किमती कोठे ठेवायच्या, उत्तर कोठून उचलायचे आणि स्टॅक कोणी आवरायचा, याविषयी दोन्ही बाजूंचा आधीच करार असावा लागतो. या कराराला कॉलिंग कन्व्हेन्शन म्हणतात. माहितीची स्मृतीतील मांडणी, फंक्शनांची नावे इत्यादी नियम त्यात मिळवले की ॲप्लिकेशन बायनरी इंटरफेस, संक्षेपाने एबीआय, तयार होतो.

हा करार सर्वत्र सारखा नाही. ६४-बिट इंटेल व एएमडी प्रक्रियकांवर लिनक्समध्ये पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंटे सहा ठराविक रजिस्टरांतून पाठवली जातात. त्याच प्रक्रियकांवर विंडोजमध्ये रजिस्टरांतून फक्त पहिली चार आर्ग्युमेंटे जातात आणि कॉल करणाऱ्याला स्टॅकवर ३२ बाइटांची जागा राखून ठेवावी लागते. दशांश संख्यांसाठी दोन्हीकडे वेगळी रजिस्टरे आहेत.

करार पाळला गेला आहे की नाही हे तपासणारे मात्र कोणी नसते. सीच्या गणित-लायब्ररीतील वर्गमूळ काढणारे फंक्शन पायथनच्या सीटाइप्समधून कॉल केले, २ ही संख्या योग्य दशांश प्रकारात दिली, पण उत्तराचा प्रकार सांगायचा राहिला, असे समजू. सीची कंपाइल केलेली लायब्ररी आपल्या फंक्शनांचे प्रकार नोंदवून ठेवत नाही. त्यामुळे सीटाइप्स उत्तर पूर्णांक असेल असे गृहीत धरते. फंक्शन १.४१४२… हे बरोबर उत्तर दशांश रजिस्टरात ठेवते, सीटाइप्स पूर्णांक रजिस्टर वाचते आणि तेथे आधीपासून पडून असलेली कोणतीही किंमत उत्तर म्हणून पुढे येते. त्रुटीचा संदेश येत नाही. उत्तर पॉइंटर असेल तर प्रकार अधिक गंभीर होतो: ६४-बिट यंत्रावर पत्ता आठ बाइटांचा असतो, गृहीत पूर्णांक चार बाइटांचा, आणि पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून जातो. पत्ता लहान असेल तोवर आज्ञावली सुरळीत चालते आणि एखाद्या दिवशी अचानक कोसळते.

सी भाषेचे स्थान

रस्टमध्ये लिहिलेले फंक्शन पायथनमधून वापरायचे असले, तरी रस्टच्या बाजूने ते सी भाषेचे फंक्शन असल्यासारखे उघड केले जाते आणि पायथनच्या बाजूने सीचे फंक्शन म्हणूनच कॉल केले जाते. सीचा कंपायलर या व्यवहारात कोठेही नसतो. सीचा फक्त करार असतो. परस्परांची भाषा न जाणणाऱ्या दोन व्यक्तींनी तिसऱ्या भाषेत व्यवहार करावा, तसे हे आहे.

सी भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा तिच्यात पुन्हा लिहिला गेला. कार्यप्रणालीचे दरवाजे सीमध्ये असल्याने प्रत्येक भाषेला सीशी बोलणे भाग पडले. सीचे प्रकार यंत्राच्या अगदी जवळचे आहेत, हेही कारण आहे. सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शने असू शकतात, म्हणून कंपायलर प्रत्येक नावात आर्ग्युमेंटांचे प्रकार गुंफून नवे, वाचण्यास अवघड नाव तयार करतो. बाहेरच्या भाषेला ते नाव सापडावे यासाठी सी++ मध्येही 'एक्स्टर्न सी' अशी घोषणा करून नाव साधे ठेवावे लागते.

सीचा करार म्हटले तरी तो सीच्या प्रमाण दस्तऐवजात लिहिलेला नाही. तो प्रत्येक प्रक्रियक व कार्यप्रणालीपुरता ठरतो. सीचा 'लाँग' हा पूर्णांक ६४-बिट लिनक्सवर आठ बाइटांचा आणि ६४-बिट विंडोजवर चार बाइटांचा असतो. एक बाइटाचे अक्षर आणि त्यापुढे चार बाइटांचा पूर्णांक असलेली स्ट्रक्चर पाच बाइटांची वाटली, तरी प्रचलित यंत्रांवर ती आठ बाइटे व्यापते, कारण पूर्णांक चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर बसवण्यासाठी मध्ये तीन बाइटे रिकामी सोडली जातात. दुसऱ्या भाषेत तीच रचना लिहिणाऱ्याने ही रिकामी जागा मोजली नाही, तर पुढचे प्रत्येक क्षेत्र चुकीच्या जागेवरून वाचले जाते.

याहून शिस्तबद्ध प्रयत्न पूर्वी झालेले आहेत. १९७७ मध्ये जाहीर झालेल्या व्हॅक्स संगणकांसाठी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने सर्व भाषांना समान असा कॉलिंग करार ठरवला होता. त्यात मजकूर पाठवताना त्याचा पत्ता, लांबी आणि प्रकार सांगणारी छोटी नोंद सोबत जात असे. व्हीएमएस कार्यप्रणालीवर फोर्ट्रान, पास्कल, कोबॉल या भाषा एकमेकींना सहजपणे कॉल करू शकत, त्यामागे ही दूरदृष्टी होती. युनिक्स आणि सीच्या प्रसारात ती पद्धत मागे पडली.

मजकुराचे रूपांतर

संख्या ओलांडून नेणे तुलनेने सोपे असते. मजकुराचे तसे नाही. सीमध्ये मजकुराची लांबी कोठेही लिहिलेली नसते. शून्य किमतीचे बाइट आले की मजकूर संपला, असा संकेत असतो. जावा, पायथन, रस्ट, पीएचपी या भाषा लांबी स्वतंत्रपणे नोंदवतात, त्यामुळे त्यांच्या मजकुराच्या मध्येही शून्य बाइट येऊ शकते.

या फरकातून सुरक्षेचे प्रश्न निर्माण झाले. पीएचपीमधील आज्ञावली वापरकर्त्याने दिलेल्या संचिकेच्या नावाचा शेवट चित्राचा आहे ना, एवढे तपासे. नावाच्या मध्ये शून्य बाइट घुसवलेले असेल तर पीएचपीला संपूर्ण नाव दिसे आणि तपासणी यशस्वी होई. पण तेच नाव सीमध्ये लिहिलेल्या खालच्या थराकडे गेले की शून्यापाशी संपे आणि वेगळीच संचिका उघडली जाई. दोन्ही थर आपापल्या नियमांप्रमाणे बरोबर वागत होते. पीएचपीच्या ५.३.४ या आवृत्तीपासून असे नाव अवैध मानले जाऊ लागले.

देवनागरीच्या बाबतीत दुसरी अडचण येते. 'मराठी' या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये ती पाच चिन्हे आहेत: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइटे लागत असल्याने शब्द १५ बाइटांचा होतो. यूटीएफ-१६ मध्ये तोच १० बाइटांचा. शब्दाची लांबी विचारली तर स्विफ्ट ३ सांगते, पायथन व जावा ५ सांगतात, रस्ट १५ सांगते आणि यूटीएफ-८ मजकुरावर सीचे लांबी मोजणारे फंक्शनही १५ सांगते. पायथनमधून ५ ही लांबी घेऊन ती बाइटांची संख्या म्हणून सीकडे पाठवली, तर 'म' पूर्ण पोहोचतो, 'र' ची तीनपैकी दोनच बाइटे पोहोचतात आणि उरलेला शब्द हरवतो. उलट दिशेने, पाच चिन्हांसाठी सहा बाइटांची जागा राखून सीला त्यात मजकूर लिहायला सांगितले, तर शेवटच्या शून्यासह १६ बाइटे लिहिली जातात आणि शेजारची स्मृती बिघडते. इंग्रजी मजकुरात एक अक्षर, एक चिन्ह आणि एक बाइट यांचा मेळ बसतो. त्यामुळे फक्त इंग्रजी उदाहरणांवर तपासलेल्या जोडणीत हा दोष दिसत नाही आणि भारतीय लिप्या वापरणाऱ्यांच्या वाट्याला येतो.

मॅट्रिक्सची मांडणी

सीमध्ये मॅट्रिक्स ओळीनुसार साठवले जाते, फोर्ट्रानमध्ये स्तंभानुसार. पहिल्या ओळीत १, २, ३ आणि दुसऱ्या ओळीत ४, ५, ६ असलेले मॅट्रिक्स सीच्या स्मृतीत १, २, ३, ४, ५, ६ असे पडते आणि फोर्ट्रानच्या स्मृतीत १, ४, २, ५, ३, ६ असे. रूपांतर न करता पत्ता तसाच पाठवल्यास समोरच्या बाजूला ओळी व स्तंभ यांची अदलाबदल झालेले मॅट्रिक्स दिसते. ओळी आणि स्तंभ समान संख्येने असतील तर आज्ञावली तक्रार न करता चुकीचे उत्तर देते. चाचणीसाठी घेतलेले मॅट्रिक्स सममित असेल तर उत्तर बरोबरही येते, आणि दोष खऱ्या माहितीवरच उघड होतो. नमपायमध्ये दोन्ही मांडण्यांची सोय असल्याने अनेकदा प्रत न काढता काम भागते.

स्मृतीची मालकी

सीमध्ये मागून घेतलेली स्मृती आज्ञावलीकाराने स्वतः परत करायची असते. जावा, पायथन, गो या भाषांत ते काम भाषेची यंत्रणा करते. हद्द ओलांडून गेलेली वस्तू कोणाच्या मालकीची, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक जोडणीत उद्भवतो आणि त्याचे उत्तर पॉइंटरकडे पाहून मिळत नाही. ते लायब्ररीच्या दस्तऐवजात शोधावे लागते. दोघांनीही स्मृती परत केली तर ती बिघडते, कोणीच केली नाही तर गळती होते. ज्याने स्मृती दिली त्याच्याकडेच ती परत करावी, हा नियमही पाळावा लागतो. विंडोजवर एकाच प्रोसेसमध्ये सीच्या रनटाइमच्या दोन प्रती असू शकतात आणि एकीने दिलेली स्मृती दुसरीने परत केल्यास प्रोसेस कोसळू शकते.

गार्बेज कलेक्टर असलेल्या भाषांत आणखी एक पेच असतो. वापरात नसलेली वस्तू कलेक्टर काढून टाकतो, आणि जावासारख्या भाषांत वापरातील वस्तूही तो एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवू शकतो. सीच्या बाजूने कोणी तिचा पत्ता जपून ठेवला आहे, हे त्याला माहीत नसते. म्हणून गो भाषेने २०१६ मधील १.६ आवृत्तीपासून स्पष्ट नियम केले: कॉल संपल्यानंतर सीने गोच्या स्मृतीचा पत्ता स्वतःकडे ठेवू नये. पायथनमध्ये हा पेच विशेषतः कॉलबॅकच्या वेळी दिसतो. पायथनचे फंक्शन सीच्या लायब्ररीला नोंदणीसाठी दिले, पण पायथनच्या बाजूने त्याचा संदर्भ कोणत्याही चलात ठेवला नाही, तर ते नष्ट होते. लायब्ररी पुढे केव्हातरी त्या पत्त्यावर उडी घेते, तेव्हा तेथे काहीच उरलेले नसते.

त्रुटी आणि थ्रेड

सीमध्ये एक्सेप्शन नाहीत. ठराविक उत्तर किंवा 'एररनो' हा चल यांवरून त्रुटी ओळखावी लागते. सी++ चे एक्सेप्शन किंवा रस्टचे पॅनिक सीच्या स्टॅकमधून वर जाऊ लागले तर काय होईल, याची पूर्वी हमी नव्हती. रस्टच्या २०२४ मधील १.८१ आवृत्तीपासून सीच्या करारावर उघड केलेल्या फंक्शनातून पॅनिक बाहेर पडू लागल्यास प्रोसेस तेथेच थांबवली जाते. हा उपाय कठोर वाटला, तरी बिघडलेल्या स्मृतीनिशी पुढे चालत राहण्यापेक्षा बरा आहे. थ्रेडच्या बाबतीत पायथनचे जागतिक कुलूप, म्हणजे जीआयएल, लक्षात घ्यावे लागते. सीटाइप्स सामान्यतः परका कॉल चालू असताना हे कुलूप सोडते, जेणेकरून इतर थ्रेड थांबून राहू नयेत. म्हणून कॉल केलेल्या सी फंक्शनाने त्या काळात पायथनच्या वस्तूंना हात लावू नये.

फोर्ट्रान व सी: २०१९ चा प्रसंग

लिखित करार आणि रूढ वागणूक यांतील अंतर किती महागात पडू शकते, याचे उदाहरण २०१९ मध्ये समोर आले. फोर्ट्रानमध्ये फंक्शनाला मजकूर दिला की कंपायलर त्याचा पत्ता तर पाठवतोच, शिवाय त्याची लांबी एका छुप्या आर्ग्युमेंटाच्या रूपात यादीच्या शेवटी जोडतो. लॅपॅकच्या अनेक फंक्शनांना मॅट्रिक्सचा वरचा त्रिकोण वापरायचा की खालचा, हे सांगणारे एक अक्षर द्यावे लागते. एकाच अक्षराची लांबी काय पाठवायची, असा विचार करून म्हणा किंवा छुप्या आर्ग्युमेंटाची कल्पना नसल्याने म्हणा, सीमधून लॅपॅकला कॉल करणारा पुष्कळसा कोड ही लांबी वगळत असे. सांख्यिकीसाठी वापरली जाणारी आर ही भाषा आणि बीएलएएस व लॅपॅक यांचे सीसाठीचे रूढ थर यांचाही त्यात समावेश होता. लांबी एकच असल्याचे फंक्शनाला ठाऊक असल्याने ते ती कधी वाचत नसे आणि अनेक दशके काही बिघडले नाही.

जीसीसी या कंपायलर-संचातील फोर्ट्रानच्या नव्या आवृत्त्यांनी एक वैध सुधारणा केली. एखाद्या फंक्शनाचे शेवटचे काम दुसऱ्या फंक्शनाला कॉल करणे हेच असेल, तर नवी जागा न घेता, कॉल करणाऱ्याने स्टॅकवर दिलेली आर्ग्युमेंटांचीच जागा पुन्हा वापरायची. छुप्या लांबीसाठी असलेली जागाही त्यात आली. सीच्या बाजूने ती जागा दिलेलीच नव्हती. तेथे कॉल करणाऱ्याची स्वतःची माहिती होती आणि तिच्यावर लांबी लिहिली गेली. आर भाषेच्या विकासकांना न कळणारे बिघाड दिसू लागले आणि शोध घेता मूळ येथे सापडले.

नियमाने पाहता चूक सीच्या बाजूची होती. पण असा कोड इतका पसरलेला होता की एका दिवसात तो दुरुस्त होणे शक्य नव्हते. जीसीसीने अशा फंक्शनांपुरती ती सुधारणा थांबवणारा पर्याय जोडला आणि तो मुळातच चालू ठेवला. आर भाषेने लांबी पाठवण्यास सुरुवात केली. फोर्ट्रान २००३ या प्रमाण आवृत्तीत सीशी जोडणीची अधिकृत पद्धत उपलब्ध होती, परंतु लॅपॅकची फंक्शने तिच्या कितीतरी आधीची आहेत आणि त्यांचे रूप बदलले तर त्यांना कॉल करणारा सर्व कोड बदलावा लागेल.

साधने व इतर मार्ग

जोडणीचा कोड हाताने लिहिणे कंटाळवाणे आणि चुकांना वाव देणारे असल्याने तो आपोआप तयार करणारी साधने निघाली. डेव्हिड बीझली यांनी १९९५ मध्ये लॉस ॲलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू केलेले स्विग सी व सी++ ची घोषणा-संचिका वाचून अनेक भाषांसाठी जोडणी तयार करते. अँथनी ग्रीन यांची १९९६ मधील लिबएफएफआय ही लायब्ररी आज्ञावली चालू असताना कॉलची जुळणी करते. पायथनचे सीटाइप्स तिच्यावरच उभे आहे. सीटाइप्स २००६ मध्ये पायथन २.५ सोबत मूळ संचात आले. सी++ आणि पायथनसाठी पायबाइंड११, तर रस्टसाठी बाइंडजेन प्रचलित आहे.

एकाच प्रोसेसमध्ये राहणे अनिवार्य नसेल तर दोन आज्ञावल्या वेगळ्या चालवून त्यांच्यात जेसन किंवा प्रोटोकॉल बफर्सच्या रूपात संदेश पाठवता येतात. वेग कमी होतो, पण एकीचा बिघाड दुसरीपर्यंत पोहोचत नाही. कोटलिन व स्काला या भाषा जावाच्याच आभासी यंत्रावर चालत असल्याने त्यांना जावाच्या लायब्ऱ्या वापरताना हा प्रश्न फारसा येत नाही.

वेगाचा हिशेब

परका कॉल स्वतः फुकट नसतो. प्रकारांचे रूपांतर, कुलूप सोडणे-घेणे, आणि गोच्या बाबतीत लहान स्टॅकवरून सीसाठी मोठ्या स्टॅकवर जाणे, हे प्रत्येक वेळी करावे लागते. दहा लाख संख्यांचे वर्गमूळ काढायचे असल्यास दहा लाख वेळा हद्द ओलांडण्याऐवजी संपूर्ण यादीचा पत्ता एकदाच पाठवणे श्रेयस्कर. नमपायची रचना याच तत्त्वावर आहे.

अलीकडील बदल

अलीकडच्या भाषांचा कल हद्द लपवण्यापेक्षा ती ठळक करण्याकडे आहे. रस्टमध्ये परके फंक्शन कॉल करणे सामान्यतः 'अनसेफ' या शब्दाने चिन्हांकित करावे लागते आणि भाषेच्या २०२४ आवृत्तीत परक्या फंक्शनांची घोषणा असलेल्या विभागालाही तो शब्द आवश्यक झाला आहे. जावामध्ये १९९७ पासून असलेल्या जेएनआयसाठी सीचा स्वतंत्र कोड लिहावा लागे. मार्च २०२४ मध्ये आलेल्या जावा २२ मध्ये त्याला पर्याय म्हणून नवी व्यवस्था कायम झाली. तिच्यात जोडणी जावामध्येच लिहिता येते, आणि स्मृतीचा प्रत्येक तुकडा आपला आकार व आयुर्मर्यादा सोबत बाळगतो, म्हणून हद्दीबाहेर वाचण्याचा प्रयत्न केल्यास एक्सेप्शन मिळते. सीकडून आलेल्या पॉइंटरचा आकार मात्र जावाला कळू शकत नाही. तो शून्य बाइटांचा तुकडा म्हणून हाती येतो आणि त्यामागे किती स्मृती आहे, हे आज्ञावलीकाराला स्वतःच्या जबाबदारीवर सांगावे लागते.